आधी अंग तापवा, मग पायडल मारा!

"डॉक्टर, उन्हाळ्यात उन्हामुळे सायकल चालवता येत नाही, पावसाळ्यात चिखलामुळे आणि हिवाळ्यात थंडीमुळे. मग चालवावी तरी केव्हा?"

गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी दवाखान्यात मला हा प्रश्न विचारला. वर्षभरात त्यांचे वजन सहा किलोंनी वाढले होते, रक्तदाबाच्या एका गोळीच्या दोन झाल्या होत्या आणि सायकल ओसरीवर कांद्याच्या पोत्यांमागे उभी होती. प्रश्न ऐकून मला हसू आले. पण मुक्ताईनगर परिसरातले निम्मे सायकलस्वार याच हिशोबाने वर्ष काढतात, हेही तितकेच खरे. म्हणून आजच्या लेखात हाच विषय घेतला आहे.

त्यांच्या तीन तक्रारींपैकी दोन मला मान्य आहेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. सकाळी आठनंतर सायकल काढणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण देणे होय. पावसाळ्यात शिवारातली काळी माती मडगार्डमध्ये अशी अडकते की चाकच फिरेनासे होते. पण हिवाळा? रस्ता कोरडा, आभाळ निरभ्र, अंगाला घाम कमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने म्हणजे खान्देशात सायकलची सुगीच होय. या काळात जी ताकद आणि दम कमावून ठेवाल, तीच शिदोरी पुढे उन्हाळ्यात पुरते.

फिनलंड देशात ओउलू नावाचे शहर आहे. तेथे हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो, रस्त्यावर बर्फ असतो. तरीही माणसे सायकलने कामावर जातात, मुले सायकलने शाळा गाठतात. हिवाळ्यातील सायकलिंग या एकाच विषयावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली याच गावी भरली. त्या मानाने आपली दहा-बारा अंशांची थंडी म्हणजे काहीच नाही.

मग थंडीला भ्यायचेच नाही का? भ्यायचे नाही, पण तिचा मान मात्र राखायचा. हे मी पुस्तकात वाचले होतेच, परंतु खरे शिकलो ते एका चुकीतून. ती चूक माझीच होती, म्हणून सांगायला संकोच नाही.

पुलावरची ती सकाळ

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तिघे मित्र रोज सकाळी सायकलने निघत असू. कधी कोथळीला मुक्ताबाईच्या जुन्या मंदिरापर्यंत, कधी चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर, तर कधी बऱ्हाणपूर रस्त्याने पूर्णेच्या पुलापलीकडे. तिघांपैकी एक केळीचे बागायतदार. वय छप्पन्न, रक्तदाबाची गोळी चालू, पण शरीर कष्टाचे आणि सायकलवर आमच्या सदैव पुढे.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांची सायकल थांबली. कापसाची वेचणी, मग केळीची कटाई, मग घरातले लग्न. दोन-अडीच महिने त्यांनी सायकलला हात लावला नाही. संक्रांतीनंतर ते एकदम परत आले, तेही पहाटे साडेपाचला आणि थेट जुन्याच वेगाने. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "डॉक्टर, मले आज छातीत जड लागून राह्यलं." मी सायकलवरूनच उत्तर दिले, "थंडीने आवळले असेल. आणि कालच्या भरितात तेल किती होते?" आम्ही तिघेही हसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले. थांबल्यावर दोन मिनिटांत बरे वाटले. मी पुन्हा मनावर घेतले नाही. दवाखान्यात एखाद्या रुग्णाने हेच शब्द उच्चारले असते तर मी त्याला तत्काळ झोपवून हृदयाचा आलेख काढला असता. पण मित्राचे बोलणे मी मित्र म्हणून ऐकले, डॉक्टर म्हणून नाही.

तिसऱ्या दिवशी पूर्णेच्या पुलावर समोरून बोचरा वारा होता. पुलाच्या मध्यावर ते उतरले, कठड्याला टेकले आणि एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम डवरला. डावा खांदा आणि जबडा दुखत होता. मग मात्र मला क्षणाचाही विलंब लावावासा वाटला नाही. दुधाची गाडी येत होती, ती थांबवली. गावात आलेख काढला, प्राथमिक उपचार केले आणि त्यांना जळगावला हलवले. हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली होती. त्याच दिवशी स्टेंट बसला. वेळेत पोहोचलो, म्हणून निभावले. दहा किलोमीटर पुढे, गाड्या नसलेल्या एखाद्या शेतरस्त्यावर हे घडले असते तर? हा प्रश्न आजही मला अधूनमधून झोपू देत नाही.

थंडीत शरीरात काय घडते?

थंड हवा अंगाला लागताच त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. आतली ऊब बाहेर जाऊ नये, यासाठी शरीराने केलेली ही व्यवस्था आहे. परंतु नळी अरुंद झाली की पाण्याचा दाब वाढतो, तसा रक्ताचाही दाब वाढतो. हृदयाला नेहमीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. त्यातच आपण अंथरुणातून उठून, न तापलेल्या अंगाने, वाऱ्याविरुद्ध जोरात पायडल मारू लागलो तर हृदयावर दुहेरी भार पडतो. निरोगी हृदय तो सहज पेलते. रक्तवाहिनी आधीच अरुंद असेल तर ते तक्रार करते. ती तक्रार म्हणजे छातीतला जडपणा.

सायकलवर आणखी एक गोष्ट घडते. हवा स्थिर असली तरी आपण ताशी पंधरा-वीस किलोमीटर वेगाने जाताना आपल्यापुरता वारा निर्माण होतो. म्हणून पायी चालणाऱ्याला जी थंडी सुखद वाटते, ती सायकलस्वाराला बोचते. सर्वांत आधी बोटे, कान आणि गुडघे गारठतात. गारठलेले स्नायू ताठर होतात. ते चटकन लचकतात.

थंड व कोरडी हवा तोंडाने भराभर ओढली की काहींच्या श्वासनलिका आकसतात. खोकला येतो, छाती वाजते. दमा असलेल्यांना हा त्रास विशेष होतो. शिवाय थंडीच्या पहाटे चुलींचा, शेकोट्यांचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर वर न जाता जमिनीलगत रेंगाळतो. पहाटेची हवा नेहमीच शुद्ध असते, हा समज हिवाळ्यात खरा ठरत नाही.

पहाटेचा हट्ट नको

व्यायाम म्हणजे पहाटे पाचला, असा कोठेही नियम नाही. हिवाळ्यात सूर्य वर आल्यावर, सात-साडेसातनंतर निघावे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी दुपारी साडेचार ते सहा ही वेळ धरावी. या वेळी हवाही उबदार असते आणि सांधेही मोकळे झालेले असतात. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह किंवा दमा असलेल्यांनी तर सूर्य उगवण्यापूर्वी निघूच नये.

निघण्यापूर्वी घरातच दहा मिनिटे द्यावीत. जागच्या जागी पावले उचलावीत. खांदे, मनगटे, घोटे गोल फिरवावेत. खुर्चीच्या पाठीला धरून दहा अर्ध्या बैठका माराव्यात. येत असतील त्यांनी चार-सहा सूर्यनमस्कार सावकाश घालावेत. अंगात ऊब आली की सायकल बाहेर काढावी. त्यानंतरही पहिली दहा-पंधरा मिनिटे हलक्या पायाने चालवावे. गिअरची सायकल असेल तर हलका गिअर ठेवावा. परतताना शेवटची पाच मिनिटे पुन्हा सावकाश चालवावे, घरी आल्यावर पोटऱ्या व मांड्या ताणाव्यात आणि घामाचे कपडे लगेच बदलावेत.

वेग किती असावा? त्यासाठी महागडे घड्याळ लागत नाही. शेजारच्या सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग निवांत म्हणता येत असेल तर वेग थोडा वाढवण्यास हरकत नाही. एक वाक्यही धाप न लागता पुरे होत नसेल तर वेग कमी करावा.

खंड पडू देऊ नका

माझ्या मित्राची खरी चूक थंडीत सायकल चालवण्याची नव्हती. दोन-अडीच महिने थांबून एकदम जुन्या वेगाने सुरुवात करण्याची होती. व्यायाम बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांतच दम कमी होऊ लागतो. मन मात्र जुनाच वेग लक्षात ठेवते. मनाची आणि शरीराची ही तफावत धोक्याची असते.

म्हणून हिवाळ्यात लग्नसराई असो की शेतीची घाई, आठवड्यातून तीन दिवस तरी सायकल चालवावीच; मग ती वीस मिनिटे का असेना. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर पूर्वीच्या निम्म्या अंतरापासून सुरुवात करावी. नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिले दोन आठवडे वीस मिनिटे, मग दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत पाऊण तासापर्यंत जावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाला आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम हवा. पाऊण तासाच्या चार फेऱ्या केल्या की १८० मिनिटे होतात.

त्याच सल्ल्यात आठवड्यातून दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही सांगितला आहे, आणि तो आपण हमखास विसरतो. सायकल नसेल त्या दिवशी घरातच बैठका, टाचा उचलून उभे राहणे, सेतुबंधासन आणि भुजंगासन करावे. मांड्या व कंबर मजबूत असली की गुडघ्यांवरचा भार हलका होतो. गुडघे दुखत असतील तर पूर्ण बैठका व वज्रासन टाळावे आणि खुर्चीवरून उठणे-बसणे दहा वेळा करावे. सायकल चालवून गुडघे झिजतात, अशी तक्रार माझ्याकडे नेहमी येते. बहुतेक वेळा दोष सीटच्या उंचीचा असतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर ठेवल्यावर गुडघ्यात किंचित बाक राहतो. तेवढाच हवा.

शाल नको, मफलर खोचून

एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे घालावेत. अंग तापले की एक काढता येतो. कानटोपी, हातमोजे आणि गुडघे झाकणारी पॅन्ट हवीच. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी नाका-तोंडावर रुमाल सैल बांधावा, म्हणजे आत जाणारी हवा थोडी उबदार होते. शाल वा घोंगडी पांघरून मात्र सायकल चालवू नये. तिचे टोक चेनमध्ये किंवा चाकाच्या तारांत अडकून माणूस तोंडावर आपटल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मफलर व ओढणीची टोके आत खोचावीत. छातीला वारा लागू नये म्हणून एक जुनी युक्ती सांगतो. युरोपातल्या मोठ्या शर्यतींत घाट उतरण्याआधी सायकलपटू जर्सीच्या आत वर्तमानपत्र घालीत असत. आपला हाच अंक वाचून झाल्यावर स्वेटरच्या आत घालण्यास माझी हरकत नाही!

भरीत खा, पण...

हिवाळा आला की शेतोशेती भरिताचे बेत रंगतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाची बाब. काड्यांवर भाजलेले वांगे हे काही वाईट अन्न नव्हे. त्यावर ओतलेले तेल आणि सोबतच्या पुऱ्या बेताने घ्याव्यात. कळण्याची किंवा दादरची भाकरी, पातीचा कांदा, मेथी, मुळा, शेंगदाणे हे सायकलस्वाराचे उत्तम जेवण आहे. डिंकाचा लाडू एक पुरे. पाऊण तास सायकल चालवून जेवढे उष्मांक खर्च होतात, ते दोन मोठ्या लाडवांत सहज भरून निघतात.

"थंडीत केळी खाल्ली की सर्दी होते," असे आपल्याच केळीच्या प्रदेशात लोक मला सांगतात. सर्दी विषाणूंमुळे होते, केळ्यामुळे नाही. निघण्यापूर्वी अर्धा तास एक केळे खाल्ले तर साधारण शंभर उष्मांक मिळतात आणि पोटही जड होत नाही. मधुमेहींनी मात्र औषधाच्या वेळेचा मेळ घालूनच खावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. पाण्याचेही तसेच. थंडीत तहान कमी लागते, लघवी मात्र जास्त होते, म्हणून नकळत पाणी कमी पडते. निघताना एक पेला कोमट पाणी प्यावे, सोबत बाटली न्यावी.

दिसा म्हणजे वाचाल

आपल्या गावावरून सुरत-नागपूर महामार्ग जातो; पूर्वीचा क्रमांक सहा, आताचा त्रेपन्न. हिवाळ्यात त्यावर आणि फाट्यांवर उसाच्या ट्रॉल्या, कापसाने फुगलेली वाहने यांची वर्दळ असते. नदीकाठी आणि हतनूर धरणाच्या फुगवट्याजवळ सकाळी धुकेही असते. अशा वेळी काळे जाकीट घातलेला सायकलस्वार चालकाला दिसतच नाही. फिकट रंगाचे कपडे, मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर, पुढे पांढरा दिवा आणि डोक्यावर हेल्मेट असावे. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींच्या सायकलींनाही पालकांनी रिफ्लेक्टर बसवून द्यावा. शक्य तेथे महामार्ग टाळून गावरस्ता धरावा. थंडीत टायरमधली हवा थोडी उतरते. आठवड्यातून एकदा हवा व ब्रेक तपासावेत.

ही लक्षणे अंगावर काढू नका

छातीत जडपणा, आवळल्यासारखे वाटणे, डावा हात, खांदा, जबडा किंवा पाठीत वेदना, नेहमीच्या चढावर अचानक जास्त धाप, थंडीत घाम, चक्कर, यापैकी काहीही सायकल चालवताना झाले आणि थांबल्यावर बरे वाटले, तरी ते गॅस किंवा थंडी समजू नये. उलट श्रम केल्यावर येणारे आणि थांबल्यावर जाणारे दुखणे हेच हृदयाचे दुखणे असू शकते. स्त्रियांमध्ये व मधुमेहींमध्ये छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा थकवा असेही चित्र दिसते. तत्काळ थांबावे, बसावे, सोबत्याने १०८ वर फोन करावा. अशा माणसाला पुन्हा सायकलवर बसवून घरी पाठवू नये.

वयाची चाळिशी ओलांडलेल्या, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या, तंबाखूचे व्यसन असलेल्या व्यक्तींनी हिवाळ्याच्या सुरुवातीलाच एकदा रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी तपासून घ्यावी. थंडीत रक्तदाब वाढलेला आढळतो. गोळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदलावे, शेजाऱ्याला विचारून नव्हे.

एवढे सगळे वाचून कोणी घाबरून सायकल पुन्हा पोत्यांमागे ठेवू नये. सायकलने माणूस कुठवर जातो, याची उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रात आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच शर्यत एकट्याने पार केली. तिघेही डॉक्टरच! आपल्याला अमेरिका गाठायची नाही. माघात चांगदेव-मुक्ताबाईची यात्रा भरते. आज वीस मिनिटांपासून सुरुवात करणाऱ्याने महाशिवरात्रीला सायकलने चांगदेवच्या संगमावर जाऊन यावे, एवढे उद्दिष्ट पुरेसे आहे.

माझे ते बागायतदार मित्र? हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्यांनी आधी चालणे सुरू केले, तंबाखू सोडली आणि तीन महिन्यांनी ते पुन्हा सायकलवर बसले. तेव्हापासून एकही हिवाळा त्यांनी चुकवलेला नाही. सकाळी सात वाजता मी घाईघाईने सायकल बाहेर काढली की ते फाटकाशीच मला अडवतात आणि म्हणतात, "थांबा डॉक्टर. पहिले दहा मिनिटं अंग तापवा."

मी निमूटपणे सायकल भिंतीला लावतो आणि खांदे फिरवू लागतो.